फोनमागचा आवाज

आमच्याकडे माणूस गेलं की फोनवर "गेलं" असं कुणी म्हणत नाही. "जास्त हाय, निघा," एवढंच म्हणतात. ऐकणाऱ्याला अजून बस पकडायची असते, मोटारसायकल चालवायची असते. वाटेत त्याचं काही होऊ नये म्हणून ही रीत. ऐकणाराही खोदून विचारत नाही. तो फोनच्या मागचं ऐकतो. मागे बायांचा हंबरडा असला की त्याला कळायचं ते कळतं. मागे नुसती भांडी वाजत असली, कुणी चहाला हाक मारत असलं, तर तब्येत खरोखरच जास्त आहे, अजून वेळ आहे, असं धरून तो निघतो.

माझे वडील गेले तेव्हा मी जालन्यात खोली करून शिकत होतो. खोलीच्या मालकाकडे फोन आला. चुलते म्हणाले, "जास्त हाय, ये." त्यांच्यामागे दहा-पंधरा बाया रडत होत्या आणि त्यांच्यात माझ्या आईचा आवाज होता. तो मी नेमका ओळखला आणि पायात चप्पल न घालताच स्टँडवर गेलो.

आवाज ओळखण्यात आमच्या घराण्याचा हात धरणारा कुणी नाही, असं निदान आम्ही समजत आलो. आजे-पणजे मेंढरं राखायचे. शेती मागाहून आली. वडील डोळे मिटून बाजेवर पडलेले असायचे आणि नुसत्या ओरडण्यावरून कोणतं कोकरू कोणत्या मेंढीचं ते सांगायचे. मी शाळेत पहिला आलो तेव्हा त्यांनी "बरं" म्हटलं आणि बैलांना पाणी दाखवायला गेले. पण एकदा पाहुण्यांसमोर ते म्हणाले, "याचे कान तिखट हायेत." ते वाक्य मी आजवर जपून ठेवलं आहे. हे सांगायचं कारण पुढे येईल.

आक्काचे कान माझ्याहून तिखट. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आम्ही दोघंच. आई रानात गेली की मला कडेवर घेऊन हिंडली ती तीच, त्यामुळे मला रागवायचा हक्क तिने शेवटपर्यंत सोडला नाही. तिला केदारखेड्यात दिली. दाजी मका आणि कपाशीचं रान बघायचे, आणि घराच्या ओसरीला लागून असलेली पिठाची गिरणी आक्का चालवायची. गिरणीचा पट्टा स्वतः चढवायची, जात्याचा दगड स्वतः छिन्नीने टाकून घ्यायची. दिवसभर तिच्या भुवया पांढऱ्या असायच्या.

मी जालन्यात इंटरनेटवरून चालणारे फोन बसवतो. जुना जालन्यातल्या धान्याच्या अडती आणि कापडाची दुकानं ही माझी मुख्य गिऱ्हाइकं. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तार तर कॉम्प्युटरची हाय, मंग बोलणं जातं कुठून?" मी त्यांना सांगतो की जुन्या फोनचं सोपं होतं. नंबर लावला की इथून तिथपर्यंत एक अख्खी वाट तुमच्या नावाने अडवून ठेवली जायची. बोला नाहीतर गप्प बसा, वाट तुमचीच. इंटरनेटवर तसं नसतं. तुम्ही बोललात की त्या बोलण्याचे बारीक तुकडे होतात, एका सेकंदाचे पन्नासेक. प्रत्येक तुकड्यावर नंबर आणि पत्ता पडतो, आणि जी वाट मोकळी मिळेल तिने तो जातो. पलीकडचं यंत्र ते तुकडे क्षणभर धरतं, नंबराने लावून घेतं आणि त्यांचा पुन्हा आवाज करतं. एखादा तुकडा हरवला तर तो परत मागवत बसत नाही, कारण तोवर बोलणं पुढे गेलेलं असतं. आजूबाजूचं बघून त्या जागी अंदाजाने काहीतरी भरतं. म्हणजे अख्खा ट्रक न करता मिळेल त्या गाडीत एकेक पोतं टाकायचं आणि पोत्यावर नंबर घालायचा. अडतवाल्यांना हे लगेच पटतं.

आक्काला पटलं नाही. तिचं घर ओढ्याच्या खोलगटीत असल्यामुळे मोबाईलला रेंज नव्हती. बोलायचं तर गच्चीवर जायचं नाहीतर रस्त्यापर्यंत. म्हणून मी तिच्याकडे वायफाय बसवून दिलं आणि तिच्या फोनवरून इंटरनेटच्या कॉलची सोय करून दिली. तुकड्यांची गोष्ट सांगितली तेव्हा ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "म्हंजी आवाजाचं पीठ करता आन तिकडं परत त्याचा गहू करता? आरं, इतकी वर्षं गिरणी चालवून राह्यले, पिठाचा गहू झालेला काई मी पाह्यला न्हाई."

पण कॉल लागायला लागला आणि ती खूष झाली. अडचण एकच राहिली. गिरणी चालू असली की तिकडून नुसती घरघर यायची आणि आक्का तिच्यावर ओरडून बोलायची. मी कानापासून हातभर लांब फोन धरून ऐकायचो. दुकानात बसलेला व्यापारी हसायचा. मला त्याची लाज वाटायला लागली, हे खरं कारण. फोनचं काम करणाऱ्या माणसाला बहिणीचं बोलणं धड ऐकता येऊ नये, हे मला बरं दिसेना.

म्हणून एका भाऊबीजेला गेलो तेव्हा मी तिच्या फोनमध्ये मागचा आवाज गाळण्याची सोय चालू केली. हे सॉफ्टवेअर बोलणाऱ्याच्या बाजूलाच बसलेलं असतं. फोनजवळच्या माणसाचं बोलणं कोणतं आणि बाकीचं काय, हे ते ठरवतं आणि बाकीचं पुढे जाऊच देत नाही. यंत्राची घरघर, भांडी, गाडी, लांबून बोलणारी दुसरी माणसं, घोळक्याचा गलका, सगळं तिथल्या तिथे पुसून टाकतं. आणि जवळचा माणूस गप्प बसला तर पाठवायला काही उरतच नाही. पण अगदीच सामसूम झाली तर ऐकणाऱ्याला वाटेल की फोन तुटला. म्हणून ऐकणाऱ्याचा फोन स्वतःच्या मनाने एक बारीक खरखर तयार करतो आणि त्याच्या कानात सोडतो. ती खरखर कुठूनही आलेली नसते.

आक्काला मी एवढंच सांगितलं, "आता तुझी गिरणी मला ऐकू येणार नाही. चाळणीनं चाळल्यासारखं फक्त तुझं बोलणं येईल."

तिचं तोंड उतरलं. "गिरणी ऐकू न्हाई आली तर तुला कसं कळायचं मी कामात हाय का रिकामी?"

"तू सांग ना."

"सांगायला कशाला लागतं? तिकडून ऐकलं की समजतं माणसाला." आणि मग तिचंच तिने ठरवलं, "बरं, गिरणी न्हाई तर न्हाई. बाकीचं तर येईल?"

मी मोघम मान हलवली. खरं सांगायला दोन मिनिटं लागली असती. पण जेवायला बसायचं होतं आणि दाजी हात धुऊन आले होते.

त्याच जेवणात ताटावर बसून तिने मला लुगड्यावरून छेडलं. भाऊबीजेला मी नेलेलं लुगडं तिला कधीच आवडायचं नाही. मला फिकट रंग बरे वाटतात आणि तिला गडद लागायचं. बायकोला विचारून आणलं तरी दुकानात ऐनवेळी माझा हात फिकटावरच जायचा. ती म्हणाली, "दरसाली धुतल्यासारखं लुगडं आणतूस. मी जाईन तवा तरी गडद हिरवं आण. आन तूच आण बरं का. दुसऱ्या कुणाचं मला आंगावर नको." दाजी रागावले, सणाच्या दिवशी हे काय बोलणं म्हणून. ती हसली. सवाष्ण बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडतं. भाऊ ते घेऊन आल्याशिवाय तिला उचलत नाहीत. तिच्या माहेरात भाऊ म्हणून मी एकटाच होतो. "आणीन गं बाई, आणीन, डोक्यापासून पायापर्यंत हिरवं आणीन," असं म्हणून मी आणखी एक पोळी घेतली.

पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. मी एका अडतीत शिडीवर चढून वायर ओढत होतो. ती म्हणाली, "आरं, काळ्या शेळीला करडू झालं. आईला सोडून माझ्याच मागं हिंडतंय. थांब, ऐकवते." आणि तिने फोन करडाकडे धरला.

मला काही ऐकू आलं नाही. करडू म्हणजे माणूस नव्हे, तेव्हा सॉफ्टवेअरने ते गाळून टाकलं. कानात फक्त ती फोनने स्वतःच तयार केलेली खरखर होती.

"आलं का ऐकू?" तिने विचारलं.

मी म्हणालो, "हो, ऐकलं."

का म्हणालो, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. शिडीवर होतो, घाई होती, हे झालंच. पण त्याहून मोठं कारण म्हणजे मला "नाही" म्हणवलं नाही. ज्याचे कान तिखट त्याला करडू ऐकू येत नाही, आणि तेसुद्धा त्याने स्वतः बसवलेल्या फोनवर! तिने लगेच विचारलं, "आवाज बारीक हाय, न्हाई?" मी म्हणालो, "बारीकच. बापाच्या त्या पांढऱ्या कोकराचा होता तसा." ती इतकी खूष झाली की तिकडे दाजींना ओरडून सांगितलं. तिचं ते ओरडणं तेवढं मला स्वच्छ ऐकू आलं.

तिथून तिला नादच लागला. पावसाने पत्रे वाजायला लागले की फोन वर धरायची. गिरणीचं जातं नव्याने टाकून घेतलं की, "गिरणी न्हाई तर न्हाई, पण टाकलेल्या दगडाचा फरक कळतो का बघ," म्हणून फोन तिथे धरायची. मळणी यंत्रापाशी, सप्त्यातल्या भजनापाशी, ओढ्याला पाणी आलं तेव्हा ओढ्यापाशीसुद्धा, घराचं वायफाय जिथपर्यंत पुरायचं तिथपर्यंत जाऊन. फोन धरायची, थोडा वेळ गप्प राहायची आणि मग विचारायची, "आलं?" मी म्हणायचो, "आलं." त्या गप्प वेळात मी इकडे वायरीची टोकं सोलत असायचो. खोटं बोलतोय असं मला वाटतच नव्हतं, इतकी त्याची सवय झाली होती.

ती सोय बंद करायला फोनमध्ये एक बोट लावावं लागतं. मी पुढच्या भाऊबीजेला गेलो तेव्हा लावलं नाही. बंद केली असती तर पुन्हा गिरणी आली असती. आणि मागचं इतक्या दिवसांचं "आलं, आलं" कशाचं होतं, ते सांगावं लागलं असतं.

गेल्या वर्षी पोळा होऊन काही दिवस झाले होते. आक्काला ताप भरला. भोकरदनला दवाखान्यात सलाईन लावून आणली, असं तिनेच फोनवर सांगितलं. म्हणाली, "बरी हाय आता. तोंडाला चव न्हाई बस." मी म्हणालो, रविवारी येतो. आवाज जड वाटला होता, पण तापात असतोच.

शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमारास तिच्या नंबरवरून फोन आला. बोलत दाजी होते.

"जास्त हाय," ते म्हणाले. "तू निघ जल्दी."

मी फोन कानाशी घट्ट दाबला आणि जे आमच्याकडचं कुणीही करेल ते केलं. मागचं ऐकलं. मागे कुणी रडत नव्हतं. एकही बाई नव्हती. बिलकुल शांत होतं. आणि माझ्या जिवात जीव आला. हे वाक्य लिहिताना आजही माझी मला शिसारी येते. माझी बहीण ओसरीवर घोंगडीवर ठेवलेली होती आणि मला हायसं वाटलं. मागे रडारड नाही, म्हणजे आक्का आहे. जास्त म्हणजे खरंच जास्त आहे, अजून हातात वेळ आहे.

मी म्हणालो, "दाजी, तिथं बसून राहू नका. गाडीत घाला आणि सरळ जालन्याला आणा. मी मोठ्या दवाखान्यात जागा बघतो."

बराच वेळ नुसती खरखर आली. मग त्यांनी विचारलं, "ऐकू येतंय ना तुला?"

"एकदम क्लिअर येतंय," मी म्हणालो. "मी सगळी तयारी करतो."

"कर," ते म्हणाले आणि फोन बंद झाला.

त्यानंतर केदारखेड्याची वीज गेली. वीज गेली की वायफाय जातं आणि वायफाय गेलं की हा फोन मुका होतो. जुन्या फोनचं तसं नव्हतं. त्याला लागेल तेवढी वीज तारेतूनच यायची, घरात अंधार असला तरी तो वाजायचा. मी पुन्हा पुन्हा लावत राहिलो. लागेना. मी ठरवून टाकलं की गाडीत बसले असतील, राजूरच्या आसपास असतील. एका दवाखान्यात खटपट करून पलंग धरला. डॉक्टरांशी बोललो. ओळखीच्यांना फोन करून रक्ताची सोय विचारली. मग फाटकाबाहेर उन्हात उभा राहिलो. पांढरी गाडी वळली की पुढे व्हायचो आणि आत दुसरंच कुणी दिसलं की मागे यायचो. मी त्या दिवशी काम म्हणून एवढं चोख काम केलं की विचारू नका.

दोन वाजत आले तेव्हा रिक्षातून बायको उतरली. हातात कापडाची पिशवी होती. मला वाटलं, दवाखान्यात राहावं लागेल म्हणून डबा आणला.

"बरं केलंस," मी म्हणालो. "पण अजून आले नाहीत ते."

तिने विचारलं, "कोण यायचंय?"

"आक्काला आणतायत ना."

तिने पिशवी माझ्या हातात दिली. हलकी होती. आत घडी घातलेलं गडद हिरवं लुगडं होतं. भोकरदनहून दाजींच्या चुलतभावाचा तिला साध्या फोनवर फोन आला होता, लुगडं घेऊन दोघं जल्दी निघा म्हणून. माझा फोन त्याला सारखा गुंतलेला लागत होता. ती दुकानात गेली, रंग विचारून घ्यायचं तिला कारण नव्हतं, आक्काचं बोलणं तिच्याही लक्षात होतं. तिथून तिने मला फोन करून विचारलं होतं, "कुठं आहात?" आणि मी म्हणालो होतो, "दवाखान्यात." तिला वाटलं, मला चक्कर आली असेल, कुणीतरी दवाखान्यात नेलं असेल.

"अवो, सकाळीच झालं," ती म्हणाली. "तुम्हाला दाजींनी फोन केला न्हाई का?"

केला होता. आणि मी क्लिअर म्हणालो होतो.

मोटारसायकल कशी चालवली ते मला आठवत नाही. बायको मागे बसून सारखी म्हणत होती, हळू. केदारखेड्याच्या अलीकडे ओढ्याचा पूल आहे. तिथे पोचलो तर माणसं परत येत होती. टॉवेलाने डोकी पुसत, ओल्या पायांनी, दोघं-तिघं मिळून. मला बघून ती बाजूला झाली. एक म्हातारा तेवढा थांबला, माझ्या हातातल्या पिशवीकडे बघितलं आणि म्हणाला, "लई वाट पाह्यली रे तुझी."

दोन वाजेपर्यंत थांबले होते. आभाळ भरून आलेलं, लाकडं उघड्यावर. लांबून आलेल्यांना परत जायचं होतं. जाणती माणसं म्हणाली, माती किती वेळ ठेवायची. शेवटी गावातल्याच एका माणसाला तिचा भाऊ मानलं आणि त्याच्या हातून लुगडं घातलं. घाईत जे मिळालं ते. मी रंग विचारला. का विचारला कुणास ठाऊक. फिकट गुलाबी होतं.

मी पुलावरून तसाच स्मशानात गेलो. जाळ चांगला लागला होता. लुगडं त्यावर टाकावं असं माझ्या मनात आलं, मी पिशवीतून काढलंही, पण एकाने हात धरला. म्हणाला, आता न्हाई चालत. मी ते पुन्हा घडी घालून पिशवीत ठेवलं. जाळाजवळ उभं राहून लुगड्याची घडी घालणारा भाऊ माझ्याआधी कुणी बघितला नसेल.

दाजींनी मला काही विचारलं नाही. तेरा दिवस मी तिथेच होतो, पाहुण्यांना पाणी देत होतो, आणि ते माझ्याशी कामापुरतं बोलत होते. त्यांचा राग मला समजत होता. त्यांच्या लेखी मी रडणं ऐकलं, "क्लिअर येतंय" म्हणालो, तयारी करतो म्हणालो, आणि आलो नाही. बायको म्हणायची, सांगून टाका. मी आज सांगतो, उद्या सांगतो करत राहिलो. सांगायचं तर नुसतं सॉफ्टवेअरचं सांगून भागणार नव्हतं, हे मला ठाऊक होतं.

तेराव्याला सवाष्ण जेवू घातली. आक्काच्या वयाची, गिरणीत रोज दळायला येणारी एक बाई. माझं हिरवं लुगडं तिला नेसवलं. ती अंगणातून वाकून निघाली तेव्हा मागून क्षणभर मला आक्काच वाटली आणि मी गोठ्याच्या मागे जाऊन रडलो. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

मांडव उतरला, पाहुणे गेले. दाजी गिरणीत बसले होते. तेरा दिवस बंद होती, गावाची दळणं अडली होती, म्हणून ते पट्टा बघत होते. मी जाऊन पायलीच्या डब्यावर बसलो.

"दाजी, त्या दिवशी मला मागचं रडणं ऐकू आलं नव्हतं."

त्यांनी हात थांबवला नाही. "मी फोन बाहीर धरला व्हता. बायांपाशी. चांगला धरला व्हता. मला तोंडानं सांगवंना. म्हन्लं, तू ऐकशील."

"फोनमध्ये मी सोय केलेली होती. जवळच्या माणसाचं बोलणं जातं. मागचं काही जात नाही."

"कसं जात न्हाई? ती सांगायची ना. माझ्या भावाला इथलं समदं ऐकू येतं म्हणायची. पत्र्यावरचा पाऊस ऐकू येतो, भजन ऐकू येतं. सगळ्या गावाला सांगायची." ते माझ्याकडे वळले. "करडू न्हाई का ऐकलंस तू? बापाच्या कोकरासारखं हाय म्हन्लास. तिनं किती दिवस सांगितलं ते."

"नव्हतं ऐकलं."

"करडू?"

"करडूही नाही. पाऊस नाही, भजन नाही. काहीच कधी आलं नाही, दाजी. मी नुसतं आलं म्हणायचो."

दाजींच्या हातात पट्टा तसाच राहिला. ते रागावतील, उठून जातील, असं मला वाटलं. तसं झालं असतं तर मला बरं वाटलं असतं. ते ओसरीकडे बघत राहिले. तिथे ते करडू, आता चांगली मोठी शेळी झालेलं, दावणीला ओरडत होतं. आवाज खरोखरच बारीक होता.

"मंग इतके दिवस," दाजी हळूच म्हणाले, "ती कोणाला ऐकवत व्हती?"

त्यांनी पट्टा चढवला आणि गिरणी चालू केली.